टरफलांचा रंग कापडावर टिकावा म्हणून

शेतात, प्रक्रिया-कारखान्यात आणि स्वयंपाकघरात उरणाऱ्या साली, टरफले व फुले यांपासून कापड रंगवण्याविषयी आणि त्यांच्या अर्काने कापडावर फिनिशिंग (कापडाला वास, ऊन किंवा आग रोखण्यासारखे जादा गुण देणे) करण्याविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या बचतगटाने कांद्याची टरफले उकळून सुती ओढण्या रंगवल्या. रंग पक्का व्हावा म्हणून पाण्यात मीठही घातले होते. ओल्या कापडावर सुरेख केशरी छटा दिसत होती, पण दोन धुण्यांत ती मळकट पिवळी झाली. आमचे काय चुकले? (बचतगटाच्या सदस्या, निफाड तालुका)

उत्तर : आपण रंग दिला, पण तो बांधून ठेवणारे काही दिले नाही. कांद्याच्या कोरड्या टरफलांत क्वेरसेटिन नावाचे पिवळे रंगद्रव्य भरपूर असते. रेशीम आणि लोकर हे प्रथिनांचे तंतू असल्यामुळे त्यांच्यावर ते बऱ्यापैकी बसते. सूत मात्र जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असते आणि सेल्युलोजला या रंगाची फारशी ओढ नसते. उकळत्या पाण्यात रंग धाग्यांच्या फटींमध्ये शिरतो आणि पहिल्या-दुसऱ्या धुण्यात तसाच बाहेर पडतो. मिठाचा येथे उपयोग नाही. बाजारातल्या डायरेक्ट आणि रिॲक्टिव्ह नावाच्या कृत्रिम रंगांमध्ये मीठ रंगाला तंतूकडे ढकलते, त्या अनुभवावरून ही समजूत पसरली असावी. टरफलांच्या रंगाला हवा असतो तो ॲल्युमिनियम किंवा लोखंड यांसारख्या धातूचा क्षार. त्याला रंगबंधक किंवा व्यवहारात मॉर्डंट म्हणतात आणि घरगुती तुरटी हा त्यांतला सर्वांत निर्धोक व स्वस्त प्रकार आहे.

अडचण अशी की, सूत तुरटीलाही घट्ट धरत नाही. म्हणून सुताला आधी टॅनिन (साली-फळांतले तुरट चवीचे द्रव्य) आणि मग तुरटी द्यावी लागते. आंध्र प्रदेशातील मछलीपट्टणम आणि श्रीकालहस्ती येथील कलमकारीत कापड सुरुवातीलाच हिरड्याच्या काढ्यात भिजवतात, ते याच कारणाने. हिरड्यातले टॅनिन सुताला चिकटते, तुरटीतले ॲल्युमिनियम टॅनिनला चिकटते आणि त्या ॲल्युमिनियमला शेवटी रंगद्रव्य पकडून बसते.

एक किलो कोरड्या सुती कापडाचा हिशेब सांगतो. कापड कोरे असेल, मांजरपाटासारखे, तर त्यावर खळ आणि सुताचे नैसर्गिक मेण असते. ते काढण्यासाठी २५ ते ३० लिटर पाण्यात ३० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साधा साबण घालून कापड तासभर उकळावे व स्वच्छ खळबळून घ्यावे. पाण्याचा एक थेंब कापडावर टाकून पाहावा. तो मण्यासारखा न थांबता क्षणात शोषला गेला, तरच कापड तयार झाले असे समजावे. डागाळलेल्या, ठिपकेदार रंगाईचे मूळ बहुतेक वेळा याच टप्प्यावरच्या घाईत असते. नंतर दीडशे ते दोनशे ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात भिजवून, गाळून, त्या पाण्यात कापड काही तास बुडवून ठेवावे आणि पिळून, न धुता सावलीत वाळवावे. त्यावर फिकट पिवळी झाक येईल. पुढे दीडशे ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून तीत सुमारे २० ग्रॅम धुण्याचा सोडा चिमटीचिमटीने टाकावा. फेस जोरात वर येतो, म्हणून भांडे मोठे घ्यावे. सोड्यामुळे तुरटीची आम्लता कमी होते आणि ॲल्युमिनियम तंतूवर अधिक चांगले बसते. या पाण्यात कापड रात्रभर ठेवून, वाळवून, हलकेच विसळून घ्यावे.

यानंतर टरफले. अर्धा ते एक किलो कोरडी टरफले स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर तासभर उकळून पाणी गाळून घ्यावे. तांबे, लोखंड किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यातला धातू पाण्यात उतरून छटा बदलतो, म्हणून स्टीलच वापरावे. ओले केलेले कापड या पाण्यात सोडून पाणी हळूहळू तापवावे, उकळीच्या जरा खाली पाऊण तास ठेवावे, सतत हलवावे आणि कापड त्याच पाण्यात थंड होऊ द्यावे. सोनेरी पिवळ्यापासून तांबूस केशरीपर्यंत छटा मिळते. शेवटी १० ते २० ग्रॅम हिराकस (लोखंडाचा क्षार) वेगळ्या पाण्यात विरघळवून त्यात कापड काही मिनिटे फिरवले, तर तोच रंग शेवाळी हिरवा होतो.

असा रंग धुण्याला बऱ्यापैकी टिकतो, पण उन्हाला क्वेरसेटिन फारसे दाद देत नाही. ओढणी, उशीचा अभ्रा, लहान मुलांची झबली यांना तो शोभेल; खिडकीच्या पडद्यांना कांद्याचा रंग देऊ नये. धुताना सोडायुक्त पावडरीऐवजी रिठा किंवा सौम्य साबण वापरावा आणि ही सूचना विक्रीच्या चिठ्ठीवर स्पष्ट छापावी. ग्राहकाला आधी सांगितलेली मर्यादा तो समजून घेतो, नंतर कळलेली घेत नाही.

प्रश्न : आमच्या भागात डाळिंबाचा रस आणि दाणे काढणारे उद्योग आहेत, सालींचे ढीग साचतात. शिवाय तेल्या रोगाने डागाळलेली फळे बांधावर फेकली जातात. दोन्हींचा उपयोग रंगासाठी होईल का? सालीची पूड करून विकता येईल का? (डाळिंब उत्पादक, सांगोला)

उत्तर : महाराष्ट्रातल्या सगळ्या वनस्पतिजन्य टाकाऊ मालांतून रंगकामासाठी एकच निवडायला सांगितले, तर मी डाळिंबाची साल निवडेन. फळाच्या वजनाचा चाळीस ते पन्नास टक्के भाग सालीचा असतो आणि त्या सालीत प्युनिकॅलॅजिनसारखी टॅनिने असतात. म्हणजे कांद्याच्या बाबतीत जे काम हिरड्याने केले, ते येथे साल स्वतःच करते आणि वर पिवळा रंगही देते. तुरटीसह हिरवट झाक असलेला मोहरीसारखा पिवळा आणि हिराकसासह करडा ते जवळपास काळा, अशा छटा एकाच काढ्यातून निघतात. धुणे आणि ऊन या दोन्ही कसोट्यांवर कांद्यापेक्षा ती सरस ठरते. काही कारागीर हिरड्याऐवजी डाळिंबाच्या सालीचे पाणी देऊन त्यावर दुसरेच रंग चढवतात, तेही पूर्णपणे शास्त्राला धरून आहे.

फिनिशिंगच्या दृष्टीनेही साल मोलाची आहे. टॅनिन जिवाणूंच्या वाढीला अडथळा करते, त्यामुळे घामाचा वास कमी धरणारे कापड तयार होऊ शकते. शिवाय टॅनिन अतिनील किरण शोषते. विरळ विणीचे पांढरे सूत अतिनील किरणांना फारसे अडवत नाही. तेच सूत सालीच्या अर्काने आणि मॉर्डंटने रंगवले की त्याची अडवण्याची क्षमता लक्षणीय वाढते. हे दोन्ही गुण रंगाच्या टप्प्यातच मिळतात, वेगळे रसायन आणि वेगळे पाणी लागत नाही. टाकाऊ मालाच्या अर्काचे खरे बळ मला यातच दिसते.

तेल्याच्या फळांना मात्र हात लावू नये. हा जिवाणूजन्य रोग आहे. बाधित फळे बागेतून वेचून नष्ट करणे हाच त्याच्या नियंत्रणाचा पाया आहे. ती गोळा करून, गाडीत भरून गावभर फिरवणे म्हणजे शेजाऱ्याच्या बागेत रोग पोचवणे होय. रंगासाठी कारखान्यातली निरोगी साल पुरेशी आहे.

पुडीचा धंदा शक्य आहे, पण तो वाळवणावर उभा राहतो किंवा बसतो. ओली साल ढिगात राहिली की दोन दिवसांत आतून तापते, बुरशी धरते आणि टॅनिन वाया जाते. रस निघाल्या दिवशीच तिचे तुकडे करून एका थरात पसरावेत, रोज परतावेत आणि साल हाताने मोडल्यावर कट्कन तुटेपर्यंत वाळवावी. दळल्यावर हवाबंद ठेवावी. प्रत्येक गोणीवर वाण, महिना आणि वाळवण्याची पद्धत लिहावी, कारण सालीतल्या टॅनिनचे प्रमाण या तिन्हींनुसार बदलते आणि रंगारी त्याच रंगाची दुसरी खेप मागायला आपल्याकडेच येणार असतो. विकण्यापूर्वी प्रत्येक खेपेतून चिमूटभर पूड घेऊन पांढऱ्या सुताच्या पट्टीवर तिची छटा उतरवावी आणि ती पट्टी गोणीसोबत द्यावी.

एक सावधगिरी हिराकसाबद्दल. टॅनिन आणि लोखंड मिळून होणारा काळा रंग फार देखणा असतो, जुनी शाई याच जोडीची होती. पण जादा लोखंड काळानुसार सुताला आतून कमकुवत करते. संग्रहालयांतल्या जुन्या छापील कापडांवर इतर रंग शाबूत असताना काळ्या रेघांच्या जागी कापड विरलेले दिसते, ते यामुळे. कापडाच्या वजनाच्या एक-दोन टक्क्यांपेक्षा जास्त हिराकस घालू नये आणि रंगवल्यावर कापड भरपूर पाण्यात विसळावे.

प्रश्न : काजू सोलताना गरावरची तांबूस साल खूप निघते. बाहेरची टरफलेही असतात. कापडासाठी कोणती चालेल? (काजूप्रक्रिया उद्योजिका, वेंगुर्ला)

उत्तर : फक्त गरावरची पातळ साल घ्यावी. तिच्यात कॅटेचिन वर्गातले टॅनिन असते, पाण्यात ते सहज उतरते आणि सुतावर तांबूस तपकिरी रंग देते. हे टॅनिन डाळिंबाच्या टॅनिनपेक्षा वेगळ्या जातीचे असल्यामुळे हिराकस घातल्यावर निळसर काळा न होता हिरवट करडा होतो. दोन्ही साली निरनिराळ्या प्रमाणात एकत्र करून करड्या रंगाच्या अनेक छटा साधता येतात. कोकणातल्या बचतगटांनी हे जरूर करून पाहावे.

बाहेरच्या टरफलातले तेल मात्र कातडी भाजते, हे आपल्याकडच्या सोलणाऱ्या बायकांना सांगायला नको. धोबी कपड्यांवर न पुसणारी खूण करायला ज्या बिब्ब्याचा चीक वापरत, तो बिब्बा काजूच्याच कुळातला. अंगावर घालायच्या कापडाजवळ हे तेल येऊ देऊ नये. साल गोळा करताना तीत टरफलाचे तुकडे मिसळले जाणार नाहीत, अशी चाळणीची व्यवस्था सोलणीच्या जागीच असावी.

प्रश्न : केळीचा घड कापल्यावर खोड फेकून द्यावे लागते. त्याच्या रसाने कापड पेट घेत नाही, असे ऐकले. खरे आहे का? (शेतकरी, रावेर)

उत्तर : बऱ्याच अंशी खरे आहे आणि यावरचे महत्त्वाचे काम मुंबईत, माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत, म्हणजे ‘सिरकॉट’मध्ये झाले आहे. तेथील शास्त्रज्ञांनी सुती कापडाला आधी टॅनिक आम्ल आणि तुरटी दिली आणि मग खोडाचा गाळलेला रस अल्कधर्मी करून त्यात भिजवले. पेट घेण्याची प्रवृत्ती मोजण्यासाठी कापड जळत राहायला आसमंतात किमान किती टक्के प्राणवायू लागतो, हे पाहतात. साध्या सुताला १८ टक्के पुरतो आणि हवेत सुमारे २१ टक्के असतो, म्हणून सूत भरभर जळते. रस दिलेल्या कापडासाठी हा आकडा ३० पर्यंत गेला. म्हणजे ज्योत दूर केल्यावर साध्या हवेत ते जळत राहत नाही. रसातले फॉस्फरस, नायट्रोजन आणि पोटॅशियमसारख्या धातूंचे क्षार मिळून हे घडवतात: तापल्यावर सेल्युलोजचा ज्वालाग्राही वायू कमी होतो आणि कोळसा जास्त उरतो. कापडावर खाकी-पिवळसर रंगही चढतो. केळीचा डाग कपड्यावरून जात नाही, हे आपण घरोघरी अनुभवतोच.

मर्यादा अशी की, हे क्षार पाण्यात विरघळणारे आहेत आणि साबणाच्या धुण्यात अग्निरोधकता बरीचशी निघून जाते. म्हणून ही प्रक्रिया क्वचित धुतल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी योग्य आहे: मंडपाचे कापड, रंगमंचाचे पडदे, तंबू. ताजा रस काही तासांतच आंबायला लागतो, तेव्हा काम मळ्याच्या जवळच व्हावे लागेल. आणि प्रयोगशाळेतून ज्वलनचाचणी करून घेतल्याशिवाय आपल्या कापडाला कोणीही ‘अग्निरोधक’ म्हणू नये. लोकांच्या जिवाशी गाठ आहे.

प्रश्न : बीट, कोकम, हळद, जास्वंद यांचे रंग इतके गडद असतात; त्यांच्या साली व चोथा का वापरू नये? (गृहिणी, पुणे)

उत्तर : भांड्यात गडद दिसणारा रंग कापडावर टिकेलच असे नाही. बीटचा रंग उष्णतेने आणि उजेडाने मोडतो. कोकम व जास्वंदीचा रंग आंबटात लाल आणि साबणात निळसर-हिरवट होतो. हळद सुताला लगेच धरते, पण उन्हात फिकी पडते आणि साबण लागला की लाल होते. शाळेतल्या प्रयोगाला ही सामग्री छान आहे; विकण्याच्या कापडासाठी तिच्या नादी लागू नये.

प्रश्न : देवस्थानांतून झेंडूचे निर्माल्य मोठ्या प्रमाणात मिळते. त्याचा रंग कितपत चांगला? (स्वयंसेवी कार्यकर्ते, पंढरपूर)

उत्तर : चांगला आणि कांद्याच्या तोडीचा. झेंडूच्या केशरी पाकळ्यांतले ल्युटिन हे रंगद्रव्य पाण्यात उतरत नाही. आपल्याला पिवळा देतात ती क्वेरसेटाजेटिनसारखी, कांद्यातल्या क्वेरसेटिनच्याच वर्गातली फ्लॅव्होनॉइड द्रव्ये. त्यामुळे केशरी फुलांतूनही लिंबोणी ते सोनेरी पिवळाच रंग निघतो, याने निराश होऊ नये. खरे कष्ट निवडण्याचे आहेत. हारांतले नायलॉनचे दोरे, जरीचे धागे, पिना, हळद-कुंकू आणि कुजलेली फुले वेगळी केल्यावर पाकळ्या सावलीत वाळवाव्यात. निर्माल्य नदीत जाण्याऐवजी कापडावर येते, याचे भाविकांना समाधान असते आणि त्याच भावनेमुळे या कामाला माणसे मिळतात, हा अनुभव जवळपास सगळेच सांगतात.

प्रश्न : आमचे कापड रंगवण्याचे प्रोसेसिंग युनिट आहे. ग्राहक ‘नॅचरल डाय’ची मागणी करतात. हे मोठ्या प्रमाणावर करणे खरोखर पर्यावरणपूरक आहे का, की नुसते लेबल? (प्रोसेसर, इचलकरंजी)

उत्तर : साल टाकाऊ आहे, एवढ्यावरून पूर्ण प्रक्रिया निर्दोष ठरत नाही. सर्वप्रथम मॉर्डंट तपासावे. जुन्या पुस्तकांत मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि पोटॅशियम डायक्रोमेट (क्रोमियमचा क्षार) यांचे नमुने असतात, कारण त्यांनी छटा खुलते आणि रंग घट्ट बसतो. त्यांतले क्रोमियम विषारी आहे आणि तांबे जलचरांना मारक आहे. पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांना सांडपाणी म्हणजे काय, हे मी समजावण्याची गरज नाही. तुरटी आणि मोजके हिराकस यांच्यापलीकडे जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. छटा कमी मिळाल्या तरी चालतील.

दुसरा मुद्दा पाणी आणि इंधनाचा. रिॲक्टिव्ह रंगाला प्रतिलिटर ३० ते १०० ग्रॅम मीठ लागू शकते आणि न बसलेला रंग सांडपाण्यात जातो. सालीच्या रंगात ते मीठ वाचते, ही मोठी जमेची बाजू. पण उकळणे, टॅनिन देणे, तुरटी देणे, रंगवणे आणि अधूनमधून विसळणे, अशा फेऱ्यांत पाणी व इंधन वाढते. शिवाय सालीच्या काढ्यात भरपूर सेंद्रिय पदार्थ असतात. ते तसेच नाल्यात सोडले, तर पाण्यातला प्राणवायू खातात. म्हणून टॅनिन आणि तुरटीची पाणी पुन्हा पुन्हा भर घालून वापरावीत, अर्क काढायला सौर उष्णता जोडावी आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्राला या बदलाची आधी कल्पना द्यावी.

तिसरे, टिकाऊपणा. दोन धुण्यांत ग्राहकाने फेकून दिलेले कापड कितीही नैसर्गिक असले, तरी त्यामागचा कापूस, वीज आणि मजुरी वाया गेलेली असते. प्रत्येक छटेची धुण्याची चाचणी १ ते ५ आणि उजेडाची १ ते ८ या मोजपट्टीवर करून घ्यावी. धुण्याला ४ आणि उजेडाला किमान ४ मिळत नसेल, तर ती छटा यादीतून काढावी. जिवाणूरोधक किंवा अतिनीलरोधक असा दावा करायचा असेल, तर चाचणी न धुतलेल्या कापडावर एकदा आणि धुतलेल्या कापडावर पुन्हा करावी आणि लेबलवर धुतल्यानंतरचाच निकाल छापावा. कृत्रिम रंग सरसकट घातक असल्याचे सांगून माल विकू नये. अमाइन नावाची कर्करोगकारक रसायने सोडणाऱ्या ॲझो वर्गातल्या कृत्रिम रंगांवर भारतात १९९०च्या दशकातच बंदी आली आहे. उरलेल्या रंगांतले अनेक नीट हाताळले तर सुरक्षित आहेत.

आपल्यासारख्या युनिटने सगळा माल सालीवर नेण्याचा प्रयत्न करू नये. पिवळा, मोहरी, तपकिरी, करडा, शेवाळी आणि काळा या पट्ट्यात डाळिंब, काजूची साल व झेंडू समर्थ आहेत. तेवढेच रंग, ठरलेल्या पुरवठादारांकडून, प्रत्येक खेपेत थोडा फरक पडेल हे ग्राहकाशी आधी बोलून घ्यावेत. रेशीम आणि लोकरीचा माल असेल, तर सुरुवात तेथून करावी. टॅनिनची पायरी वाचते आणि छटा खुलते. रेशमाचे पाणी मात्र ८० अंशांच्या वर जाऊ देऊ नये, नाहीतर त्याची चमक मरते.

प्रश्न : रंगवून झाल्यावर उरलेला चोथा आणि रंगीत पाणी यांचे काय करावे? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : तुरटी न लागलेला चोथा कंपोस्टमध्ये जातो, मात्र टॅनिनयुक्त साल सावकाश कुजते, म्हणून ती शेण आणि हिरव्या पाल्यात मिसळावी. रंगाच्या पाण्यात जोर उरलेला असतोच. त्यात दुसरे, तिसरे कापड फिक्या छटेसाठी घालावे. त्यानंतरही रंग दिसत असेल, तर त्याची भुकटी करता येते. कोमट पाण्यात तुरटी विरघळवून घालावी आणि मग सोड्याचे पाणी थोडेथोडे ओतत जावे. फेस शमला की रंग ॲल्युमिनियमसह साका होऊन तळाशी बसू लागतो. रात्रभर थांबून वरचे पाणी ओतून द्यावे, साका जाड फडक्यात गाळावा, एक-दोनदा साध्या पाण्याने धुवावा आणि वाळवून खलात घोटावा. कांदा, झेंडू आणि डाळिंब या तिन्हींपासून अशी पिवळी भुकटी मिळते. डिंकात कालवून ती कागदावर चित्रे रंगवायला वापरता येते आणि शाळेच्या कलावर्गाला त्याच तालुक्यातल्या टाकाऊ मालाचे रंग पुरवता येतात.